इंजिन तयार होतं

ती गाडी आमच्याकडे टेम्पोतून आली आणि उतरवताना तिची एक बाजू फाटकाच्या खांबाला घासली, म्हणून माझा नवरा टेम्पोवाल्यावर रागावला. हे माझ्या लक्षात राहिलंय, कारण तो सहसा रागावत नाही. आणि त्या गाडीला अजून एक ओरखडा पडला काय, न पडला काय, फरक कसला पडणार होता? दोन दारं, छप्पर नाही, बसायला दोनच जागा. रंग एकेकाळी हिरवा असावा. सीट फाटून आतला काथ्या बाहेर आलेला. बॉनेट उघडलं तर इंजिनावर चिक्कूची वाळलेली पानं आणि उंदराचं घरटं.

गाडी डहाणूकडच्या एका बागायतदाराची. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर आणि पंपांची दुरुस्ती करायचा आणि सुट्टीच्या दिवशी या बागायतदाराच्या विहिरीवरचे पंप बघायला जायचा. बागायतदाराच्या वडिलांनी तरुणपणी हौसेने ही विलायती स्पोर्ट्स कार घेतली होती. पुढे कधीतरी तिचं इंजिन जाम झालं, ती झाडाखाली लागली आणि तिथेच राहिली. बाग विकायची वेळ आली तेव्हा ते म्हातारे बागायतदार नवऱ्याला म्हणाले, "भंगारवाला तोडून नेईल हो. तुम्ही न्या. तुमच्या हातून चालू झाली तर झाली."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आम्ही तेव्हा सालवडची भाड्याची खोली सोडून पालघरच्या बाहेर, सातपाटीच्या रस्त्याला एका नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधून राहायला आलो होतो. दोघंही मूळचे कराडकडचे. मी भूमी अभिलेख कार्यालयात नकाशे काढायची. घरामागे जागा होती, तिथे नवऱ्याने पत्र्याची शेड घातली. ती धान्याची पोती आणि सायकली ठेवायला आहे असा माझा समज होता.

त्यानंतर सहा वर्षं मी इंजिन नावाची वस्तू जन्माला येताना पाहिली. म्हणजे आधी ती सुटी होताना पाहिली. नवऱ्याने खोबरेल तेलासारखं काहीतरी सिलिंडरमध्ये ओतून तीन आठवडे वाट पाहिली, मग लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हळूहळू ठोकत एकेक पिस्टन बाहेर काढला. इंजिनाचा मुख्य ठोकळा त्याने बोईसरला एका लेथवाल्याकडे नेला. तिथे सिलिंडर आतून घासून थोडे मोठे केले, क्रँकचा दांडाही तासून आणला. मोठ्या मापाचे पिस्टन विलायतेहून पार्सलने आले. ते आले त्या दिवशी नवऱ्याने खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ उघडलंच नाही.

व्हॉल्व्ह आठ होते. ते ज्याच्या त्याच जागी परत बसायला हवेत म्हणाला, आणि क्रम चुकू नये म्हणून माझ्या इडलीपात्राच्या दोन ताटल्या घेऊन गेला. एकेका ताटलीत चार खळगे, बरोबर आठ. त्या ताटल्या मला परत मिळाल्या नाहीत. मी नव्या आणल्या. वाईट वाटलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चहाचे दोन कप घेऊन शेडमध्ये जायचं, उलट्या बादलीवर बसायचं आणि तो व्हॉल्व्ह घासत असताना बघत राहायचं, हे मला आवडायला लागलं होतं. तो फारसं बोलायचा नाही. एकदा म्हणाला, "कारखान्यात सगळं घाईत करावं लागतं. मशीन बंद आहे म्हणून चार माणसं डोक्यावर उभी असतात. इथे कोणी उभं नाही."

"मी आहे की," मी म्हणाले.

"तू बसलेली आहेस."

तीन वर्षांपूर्वी, तो निवृत्त झाल्यानंतर, इंजिन पूर्ण बांधून झालं आणि चेन-पुलीला टांगून गाडीत बसवलं गेलं. गल्लीतले चार जण हात लावायला आले होते. मी त्या सगळ्यांना शिरा केला. आता आठवड्याभरात गाडी चालू होणार, असं मी बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा.

ती चालू झाली नाही. आठवडा गेला, पावसाळा गेला, वर्ष गेलं. कोणी विचारलं, "काका, गाडीचं कुठवर आलं?" की तो म्हणायचा, "थोडं राहिलंय." रोज सकाळी चहा घेऊन शेडमध्ये जायचा, दुपारी जेवायला यायचा, पुन्हा जायचा. मीही निवृत्त झाले. संध्याकाळचा चहा घेऊन मी जायची तेव्हा तो काहीतरी पुसत असायचा. काय राहिलंय, हे मी खोदून विचारलं नाही. मला त्यातलं काय कळणार होतं? पण रंगकाम झालं, सीट नव्या शिवून आल्या, चाकं बदलली, आणि तरीही थोडं राहिलेलंच होतं. हे थोडं म्हणजे नक्की किती, असा प्रश्न मला अधूनमधून पडायचा आणि मी तो सोडून द्यायची.

यंदा होळीच्या आधी तो शेवग्याच्या शेंगा काढताना शिडीवरून पडला. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर झालं. शेडमध्ये जायचं बंद झालं नाही, पण तिथे जाऊन तो नुसता खुर्चीवर बसायचा, प्लास्टर मांडीवर ठेवून. ते बघवत नव्हतं. मला वाटलं, हा आता साठ-बासष्टचा माणूस, मनगट पहिल्यासारखं होईल न होईल, आणि एवढ्याशासाठी गाडी तशीच राहायची. होळीनंतर कराडला पुतण्याचा साखरपुडा होता. मला गुडघ्यामुळे प्रवास नको होता, म्हणून तो एकटाच चार दिवसांसाठी गेला. त्या चार दिवसांत ते राहिलेलं थोडं करून टाकायचं, असं मी ठरवलं. तो परत येईल, किल्ली फिरवेल, गाडी चालू होईल. मी किती सरळ विचार केला होता, याचं आता नवल वाटतं.

आमच्या गल्लीत मासळी घेऊन येते ती बाई सातपाटीची. तिचा मुलगा बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, हे मला माहीत होतं. चाळिशीचा, भरपूर कामाचा माणूस. आईने सांगितलं म्हणून तो दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वतःचा छोटा टेम्पो घेऊन आला. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काकी, आमी डिझेलवाले. ही पेट्रोलची हाय. पण इंजिन ते इंजिन. बघतो."

मी बादलीवर बसले. त्याने आधी प्लग काढले, पुढे मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग पट्टी काढून तेल बघितलं, बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. प्रत्येक सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून मला सांगायचा तशी मी पुढे जाऊन पाना ओढत होते, आणि तो "हां" म्हणत होता. चार वेळा "हां". मग प्लग परत बसवले, टेम्पोची बॅटरी काढून गाडीला जोडली, बाटलीतून थोडं पेट्रोल दिलं आणि किल्ली फिरवली. इंजिन जोरात फिरलं, पण पेट घेईना. पुन्हा फिरवली. नाही.

"करंट येत नाय," तो म्हणाला.

एका बाजूला काळं टोपण होतं, त्यातून पाच जाड वायरी निघालेल्या. दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबून त्याने ते उघडलं, आत बघितलं आणि तसाच वाकून उभा राहिला.

"काय झालं?"

"रोटर नाय."

त्याने मला जवळ बोलावून दाखवलं. टोपणाखाली मधोमध एक दांडी होती. तिच्यावर अंगठ्याच्या पेराएवढा एक तुकडा बसतो, त्याला रोटर म्हणतात. तो फिरत फिरत चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटतो. तो नसेल तर बाकी सगळं इंजिन कितीही चांगलं असो, ठिणगी कुठेच जात नाही.

"मग हेच राहिलं असेल," मी म्हणाले. "मिळत नसेल तो."

"आपल्या जुन्या देशी गाड्यांचा बसतो याला. पालघरात शोधला तरी मिळंल." त्याने क्लिपांवर बोट ठेवलं. "आणि बघा. सगळ्या वस्तूंवर धुळीचा बारीक थर हाय, या क्लिपा तेवढ्या चकचकीत. ह्या रोज कोणतरी उघडतो. दांडीला पण तेल लावलेला हाय, ताजा. रोटर होता काकी. काढून ठेवलाय."

"चोरी होऊ नये म्हणून असेल."

"बॅटरी नाय, पेट्रोल नाय. चोर काय ढकलत नेणार?" तो हसला. मी हसले नाही हे बघून थांबला. हात पुसत म्हणाला, "काकी, इंजिनाला काय करायचा बाकी नाय. ह्ये तयार हाय. लय आधीपासून तयार हाय. ज्यानी बांधलंय तो माणूस पक्का. माझ्याकडून असं काम व्हायचा नाय."

उद्या रोटर घेऊन येतो म्हणाला. मी नको म्हणाले. का नको म्हणाले हे त्याला सांगता आलं नाही आणि मलाही नीट सांगता येत नाही. दुसऱ्याच्या जमिनीत चुकून खुंटी ठोकली गेली की मोजणीवाल्याला जसं वाटतं, तसं काहीसं. त्याने चहा घेतला, बॅटरी परत टेम्पोत बसवली आणि तो गेला.

मी सगळं घर धुंडाळलं. तेहतीस वर्षांच्या संसारात मी कधी नवऱ्याचे खिसे बघितले नव्हते. त्याचं दाढीचं सामान, कागदांची पेटी, चष्म्याची घरं, सगळं बघितलं. शेवटी तो तुकडा सापडला कारखान्यात नेण्याच्या त्याच्या जुन्या डब्यात, कपाटात सर्वांत वर, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला. काळा, हलका, एका अंगाला पितळेची पट्टी. मी तो हातात धरून पलंगावर बसले. राग आला होता का? आला होता, पण कशाचा ते कळत नव्हतं. त्याने मला खोटं सांगितलं होतं का? "थोडं राहिलंय" हे खोटं म्हणावं तर खरोखरच थोडं राहिलेलं होतं. एवढंसंच. आणि तेही त्यानेच काढून ठेवलेलं. मग तीन वर्षं हा माणूस शेडमध्ये जाऊन करत काय होता? आणि मी बादलीवर बसून बघत काय होते?

मला वाटलं, त्याला घरात माझ्याबरोबर बसायचं नसेल. शेड बंद झाली तर दिवस कुठे काढायचा, म्हणून. मग वाटलं, तसं असतं तर मी चहा घेऊन गेल्यावर त्याचा चेहरा खुलला नसता. मग वाटलं, गाडी चालू झाली की बागायतदाराच्या घरचे परत मागतील, अशी भीती असेल. पण ते कुटुंब कधीच परदेशी निघून गेलं होतं. एकेक कारण मी धरायची आणि ते हातातून सुटायचं.

रात्रीच्या जेवणाआधी त्याचा फोन आला. साखरपुडा छान झाला, मनगट दुखत नाही, वगैरे. मग म्हणाला, "शेडमध्ये गेली होतीस?"

"झाडायला."

"बरं केलंस."

मी फोन ठेवला आणि लक्षात आलं की आता खोटं बोलणारी मी होते.

मी रोटर फडक्यात गुंडाळून होता तसा ठेवला. तो परत आला, पेढे आणले, साखरपुड्याच्या गोष्टी सांगितल्या. मी रोटरचा विषय काढला नाही. आठ दिवस गेले. एका संध्याकाळी शेडमध्ये बसलेलो असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, नक्की राहिलंय तरी काय?"

"इग्निशनचं," तो म्हणाला. "किरकोळ आहे."

अगदी खरं उत्तर. माझा गोंधळ आणखी वाढला. हा माणूस खोटं बोलत नाही, आणि खरंही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना मी सांगून टाकलं. सातपाटीचा माणूस आला होता, त्याने टोपण उघडलं, रोटर नव्हता, मग मी डब्यात बघितला. सगळं एका दमात सांगितलं. आता तो चिडेल, परक्याने इंजिनाला हात लावला म्हणून, अशी माझी अपेक्षा होती. त्याने डाव्या हाताने चमचा खाली ठेवला.

"काय म्हणाला तो?"

"रोटर नाही म्हणाला."

"ते नाही. इंजिनाबद्दल काय म्हणाला?"

"तयार आहे म्हणाला. बांधणारा माणूस पक्का आहे म्हणाला."

"असंच म्हणाला? पक्का?"

"माझ्याकडून असं काम होणार नाही, असंही म्हणाला."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणता आलं असतं. मी त्याच्यासमोर बसून एवढं विचारत होते आणि तो सातपाटीच्या माणसाचं बोलणं मनात घोळवत होता.

"अहो, मी काहीतरी विचारतेय."

"दोन वर्षांपूर्वी तू बहिणीकडे नगरला गेली होतीस," तो म्हणाला, "तेव्हा मी ती चालू केली होती. बॅटरी आणली होती शेजारून. पहिल्या झटक्यात चालू झाली. दहा मिनिटं चालवली. काय आवाज होता." त्याने प्लास्टरची कड चाचपली. "आणि मग मी आत बसलो. स्टिअरिंगवर हात ठेवले. आणि बंद केली."

"का?"

"मला गाडी चालवता येत नाही."

मला आधी तो काहीतरी दुसरंच म्हणतोय असं वाटलं. "लायसन्स आहे की तुमचं."

"एजंटने काढून दिलंय. स्कूटरचं काढताना त्याने चारचाकीचंही टाकलं. तेव्हा तसंच चालायचं." तो खाली बघून बोलत होता. लग्नाच्याही आधी, बोईसरला नवा असताना, कारखान्याची जीप फाटकातून उलटी आत घ्यायची होती. ड्रायव्हर नव्हता. हा मेकॅनिक, याला येत असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं आणि यानेही नाही म्हटलं नाही. जीप उलटी जाण्याऐवजी पुढे गेली. समोर जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून दोन बिहारी मजूर बसले होते. ते वेळेवर उठले. जीप भिंतीवर आदळली. "एक हात अंतर होतं," तो म्हणाला. "ते हसले नंतर. दोघंही हसले. मला म्हणाले, कोई बात नहीं साब. त्यानंतर मी कधी स्टिअरिंगला बसलो नाही."

मी आठवायला लागले. आमच्या मुलीच्या लग्नात माझ्या भावाची गाडी होती, तरी याने ड्रायव्हर शोधला होता. जावयाने नवी गाडी आणली तेव्हा, "बाबा, एक चक्कर मारा" म्हटल्यावर याची पाठ नेमकी आखडली होती. इतक्या वर्षांत इतके प्रसंग, आणि मला एकदाही शंका आली नाही. गल्लीत त्याला गाडीवाले काका म्हणतात. लोक गाडीतले बिघाड विचारायला येतात आणि तो नुसत्या आवाजावरून सांगतो.

"मग तेव्हाच सांगायचं ना," मी म्हणाले.

"काय सांगायचं? सहा वर्षं इंजिन बांधलं आणि आता ढकलत न्या? लोक म्हणाले असते, चला काका, एक राउंड. रोटर काढून ठेवला की प्रश्न मिटला. कोणी विचारलं तर चालू होत नाही, हे खरंच होतं."

"आणि मला?"

पोहे गार झाले होते, ते त्याने खाल्ले. मला त्याची दया येत होती आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. त्या दिवशी मी शेडमध्ये चहा नेला नाही. तोही गेला नाही. आम्ही दोघं घरात इकडून तिकडे फिरत राहिलो, पाहुणे आल्यासारखे.

पुढचं मी का केलं ते मला आजही धड सांगता येत नाही. मी बोईसरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय अठ्ठावन्न, एक गुडघा दुखरा, आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलेलं नाही. नवऱ्याला म्हणाले, "मी शिकतेय." तो म्हणाला, "कशाला?" मी म्हणाले, "माहीत नाही." हे खरं होतं. त्याच्यासाठी म्हणावं तर माझा राग अजून गेला नव्हता. रागाने म्हणावं तर रागात माणूस क्लच आणि गिअर शिकायला जात नाही.

शिकवणारे गृहस्थ पूर्वी औद्योगिक वसाहतीत टँकर चालवायचे. बनारसकडचे, माझ्याच वयाचे, पांढऱ्या मिशांचे. पहिल्या दिवशी मी तीन वेळा गाडी बंद पाडली, तर म्हणाले, "मॅडम, क्लच को दुश्मन मत समझिए." चौथ्या दिवशी त्यांनी मला तारापूरच्या रस्त्याला घातलं, पुढे ॲसिडचा टँकर, मागे कामगारांची बस. मी त्यांना विचारलं, "आपको कभी डर लगा?" ते म्हणाले, "रोज लगता था. टँकर में क्या भरा है, मालूम था ना." हे मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने ते दोनदा सांगायला लावलं.

हळूहळू तो विचारायला लागला. आज कुठे नेली, गिअर कधी बदललास, चढावर मागे सरकली का. जेवणाच्या टेबलावर वाटी आणि चमचे मांडून मी त्याला उलटी गाडी कशी वळवायची ते दाखवायची, आणि तो मला वाटीच्या आत, म्हणजे गाडीच्या आत, त्या क्षणी काय काय फिरत असतं ते सांगायचा. त्याला सगळं आतलं माहीत होतं आणि मला थोडंसं बाहेरचं. परीक्षेत मी दुसऱ्या खेपेला पास झाले.

त्याचं प्लास्टर निघालं होतं. मनगट अजून कडक होतं. एका रविवारी सकाळी त्याने स्वतःच कपाटातून डबा काढला. "चल," म्हणाला.

सातपाटीच्या माणसाला त्यानेच बोलावलं होतं, बॅटरी घेऊन. मला वाटतं, ते शब्द त्याला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचे असावेत. पण दोघं भेटल्यावर नुसते तेलाच्या जाडीबद्दल बोलत राहिले. नवऱ्याने रोटर बसवला, टोपण लावलं, क्लिपा दाबल्या. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सीट इतकी खाली होती की रस्त्यावरच बसल्यासारखं वाटलं. चोक ओढायला सांगितला, ओढला. किल्ली फिरवली.

त्या आवाजाचं मी काय वर्णन करू? मला इंजिनातलं कळत नाही. पत्र्याची शेड थरथरली आणि माझ्या पाठीला खालून कोणीतरी जागं झाल्यासारखं वाटलं, एवढंच. सातपाटीचा माणूस डोळे मिटून ऐकत होता. नवरा शेजारी येऊन बसला आणि त्याने दार लावून घेतलं.

कागदपत्रं पूर्ण नव्हती, म्हणून मोठ्या रस्त्याला जायचं नाही असं ठरलं होतं. आमच्या प्लॉटिंगचा आतला रस्ता आहे, अर्धे प्लॉट अजून रिकामे, शेवटी बाभळी आणि खाडीचा चिखल. मी दोनदा गाडी बंद पाडली. तिसऱ्यांदा ती निघाली. गल्लीतले लोक फाटकात उभे होते. शेवटच्या प्लॉटपर्यंत गेलो, वळवली, परत आलो, पुन्हा गेलो. नवरा पूर्ण वेळ पुढे बघत होता, हात मांडीवर. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"डावीकडून टॅपेटचा आवाज येतोय," तो म्हणाला. "बारीक."

"ते सोडा. तुम्हाला कसं वाटतंय?"

त्याने विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. "कळत नाही," म्हणाला. "एकदा वाटतं, हे आधीच करायला हवं होतं. एकदा वाटतं, आता उद्या सकाळी मी काय करू." मग म्हणाला, "तुझ्यावर चिडायला हवं का, तेही कळत नाही."

"मलाही तुमच्यावर," मी म्हणाले. आम्ही बाभळींपाशी थांबलो होतो. इंजिन चालूच होतं.

यानंतर त्याला शिकवायचा मी एकदा प्रयत्न केला, रिकाम्या प्लॉटवर. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पाच मिनिटं बसला आणि उतरला. मी आग्रह केला नाही. आता दर रविवारी सकाळी मी चालवते आणि तो शेजारी बसतो. आवाज ऐकतो, परत आल्यावर काहीतरी घट्ट करतो, काहीतरी सैल करतो. बाकीचे दिवस तो काय करतो, तर सातपाटीला जातो. त्या माणसाला बोटीच्या कामात हातभार लावतो. मासळीवाली बाई सांगते की तिथे तो खूप बोलतो. हे ऐकून मी चकित झाले आणि थोडी दुखावलेही.

गाडी अजून बागायतदाराच्याच नावावर होती. त्यांचा परदेशातला पत्ता आमच्याकडे होता, सह्या करून कागद आले. गेल्या महिन्यात परिवहन कार्यालयाचा फॉर्म भरायला नवरा टेबलावर बसला. मी भाजी निवडत होते. त्याने चष्मा पुसला आणि नव्या मालकाच्या रकान्यात सावकाश, नीट अक्षरात माझं नाव लिहिलं.

"माझं का?" मी विचारलं.

"चालवतं कोण?"

ही गाडी मला कधी हवी होती का, हे नऊ वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली करून. मी हात धुतले, पदराला पुसले, आणि सही केली.